न येणारा वास

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिंपळ आहे. मार्चमध्ये त्याच्या बुंध्याला चार खिळे मारून एक नोटीस लागली: रस्तारुंदीत अडथळा, झाड काढण्याचे प्रस्तावित, हरकती असल्यास मुदतीत लेखी कळवाव्यात. झाडे जपण्याच्या कायद्याची नोटीस झाडालाच खिळे मारून लावतात, हा विनोद आता जुना झाला. नवा विनोद आमच्या सोसायटीच्या बैठकीत झाला. हरकत द्यावी की नाही यावर बोलणे चालू असताना एका गृहस्थांनी मोबाइल उंच धरून वाचून दाखवले: झाडेसुद्धा हवेत प्रदूषण करणारी रसायने सोडतात. गाड्या लावायला जागा हवी असलेल्यांचे चेहरे उजळले. "काका, तुम्ही केमिस्ट्री शिकवायचात ना? मग सांगा, खरं की खोटं?"

खरे होते. निदान अर्धे तरी. उरलेले अर्धे सांगायला बैठकीत वेळ मिळाला नाही, कारण पुढचा विषय लिफ्टच्या देखभालीचा होता. म्हणून हे मुद्दे लेखी मांडतो आहे. ते आमच्या पिंपळापुरते नाहीत. ज्यांच्या गल्लीत अशी नोटीस लागते आणि ज्यांच्या प्रभागात दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो निघतात, त्या सगळ्यांसाठी आहेत.

मुद्दा 1. झाडे रसायने सोडतात, आणि थोडीथोडकी नव्हे.

जगभरची झाडेझुडपे मिळून वर्षाला सुमारे 100 कोटी टन सेंद्रिय वायू हवेत सोडतात. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या आयसोप्रीनचा. पाच कार्बन आणि आठ हायड्रोजन अणूंचा हा छोटासा रेणू. जगात सगळीकडून मिळून जेवढा मिथेन हवेत जातो, त्याच्या तोडीचे हे वजन आहे. बाकीच्यांत टर्पीन गटातली संयुगे येतात. पाइनच्या जंगलाचा वास, निलगिरीच्या पानाचा झणका, संत्र्याच्या सालीचा फवारा हे सगळे त्याच घराण्यातले.

झाडे आयसोप्रीन सोडतात हे पहिल्यांदा 1957 च्या सुमारास जॉर्जियातल्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, गिवी सानाद्झे यांच्या लक्षात आले. पुढे अमेरिकेत राइनहोल्ड रासमुसेन यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. त्याच काळात, 1960 मध्ये, फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये एक प्रश्न मांडला: दूरच्या जंगली डोंगरांवर उन्हाळ्यात जी निळसर धूसर छटा दिसते, ती येते कुठून? धूर नाही, धूळ नाही, माणसांची वस्ती नाही. त्याचे उत्तर होते, झाडांनी सोडलेल्या टर्पीनांपासून हवेत तयार होणारे अतिसूक्ष्म कण. पुढच्या संशोधनाने त्याला बळ दिले. 2016 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एका मोठ्या बंद टाकीत पाइनच्या वासाचे अल्फा-पायनीन सोडून पाहिले, तर गंधकाम्लाच्या मदतीशिवायही त्यातून नवे कण जन्मतात असे दिसले. ढगातला थेंब धरायला लागणारे बी झाड स्वतः पेरू शकते, असा याचा अर्थ. जंगलाशी याचे नाते पाहता ही भव्य गोष्ट आहे. तिला 'प्रदूषण' म्हणायला जीभ रेटत नाही.

मुद्दा 2. ज्याचा वास येतो तो इथला नायकही नव्हे आणि खलनायकही नव्हे.

सोसायटीत मला विचारले गेले की निलगिरी तोडावी आणि पिंपळ ठेवावा, असे आहे का? कारण निलगिरीला वास येतो, पिंपळाला येत नाही. निलगिरी दोन्ही सोडते, टर्पीन आणि आयसोप्रीन, आणि भरपूर सोडते. पण आयसोप्रीन हवेत ज्या विरळ प्रमाणात असतो, तिथे आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. वड, पिंपळ, उंबर यांच्या प्रजातीतली कित्येक झाडे तो सोडतात. बांबूच्या अनेक जाती सोडतात. शिसू तर या बाबतीत वरच्या क्रमांकाचा. गंमत म्हणजे आपले नेहमीचे रबर ही आयसोप्रीनचीच लांबलचक साखळी आहे, पण रबराच्या झाडाची पाने मात्र हवेत मुख्यतः टर्पीन सोडतात. नाकावर विश्वास ठेवून झाडांची यादी करता येत नाही, एवढाच या मुद्द्याचा मतलब.

मुद्दा 3. झाड हे आपल्यासाठी करत नाही.

आपल्याला मारण्यासाठी नाही आणि तारण्यासाठीही नाही. 30 अंश तापमानाला आयसोप्रीन सोडणारे झाड प्रकाशसंश्लेषणात कमावलेल्या कार्बनपैकी साधारण 2 टक्के यात उडवते. हा खर्च फुकटचा नसणार. उन्हाच्या झोतात पान एकाएकी तापते तेव्हा आयसोप्रीन त्याला सावरतो, ही मांडणी 1995 पासून टिकून आहे. इतर संयुगांची कामे वेगळी: किडा लागला की पान वेगळा वास सोडते, आणि मक्यासारख्या पिकांत तो वास घेत किड्यावर जगणारी गांधीलमाशी येऊन पोचते. ताज्या कापलेल्या गवताचा आपल्याला आवडणारा वास ही त्या गवताची जखम आहे.

आयसोप्रीन उजेडात सुटतो आणि अंधार पडला की थांबतो. पान 40 अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो वाढत जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. जाता जाता: 'पिंपळ रात्रीही प्राणवायू सोडतो' हा संदेश आमच्या गटात वटपौर्णिमेला आणि पर्यावरणदिनाला न चुकता येतो. उजेडाशिवाय झाड प्राणवायू तयार करत नाही, पिंपळसुद्धा नाही. आणि हवेत प्राणवायू मुळातच 21 टक्के असल्याने नगरपालिकेच्या अर्ध्या एकराच्या 'ऑक्सिजन पार्क'ने त्यात काही फरक पडत नाही. बाग हवी ती सावलीसाठी, मुलांसाठी, म्हाताऱ्यांच्या बाकासाठी. ती कारणे पुरेशी आहेत.

जंगलस्नानाचेही तसेच. रशियन जीवशास्त्रज्ञ बोरिस तोकिन यांनी 1928 मध्ये झाडांच्या जंतुनाशक वायूंना 'फायटॉनसाइड' हे नाव दिले. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे जंगलस्नान, हा शब्द चालू केला. पुढे टोकियोत हिनोकी लाकडाचे तेल हॉटेलच्या खोल्यांत फवारून रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी मोजल्या गेल्या, त्यात 12 पुरुष होते. बारा. एवढ्यावर कोणी सह्याद्रीत डोंगर फोडून 'वनोपचार रिसॉर्ट' उभारत असेल, तर आधी त्याचा रस्ता किती झाडे तोडून जातो ते विचारा.

मुद्दा 4. ओझोन कोण करतो? दोघे मिळून; पण त्यातला एक जण परका आहे.

इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळा घोळ इथेच होतो.

जमिनीलगतचा ओझोन कोणी थेट सोडत नाही. ट्रक, मोटारी, जनरेटर, बॉयलर यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. ऊन लागले की नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, ऑक्सिजनचा एक अणू मोकळा होतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन बनतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड लगेच त्याच ओझोनवर तुटून पडतो आणि हिशेब पुन्हा जागेवर येतो. दिले-घेतले बरोबर. या व्यवहारात आयसोप्रीनसारखे सेंद्रिय वायू शिरले की बिघाड होतो. त्यांच्या विघटनातून निघणारे तुकडे नायट्रिक ऑक्साइडला परत डायऑक्साइड करून देतात, ओझोनला हात न लावता. मग ओझोन खर्च होत नाही, साठत जातो. दुपार चढत जाते तसा वाढत जातो.

म्हणजे भट्टी उन्हाची, सरपण झाडाचे, पण आगकाडी गाडीची. गाडीचा धूर जिथे पोचत नाही अशा घनदाट जंगलात तोच आयसोप्रीन ओझोन वाढवत नाही, उलट थोडा खाऊन टाकतो. झाड बदललेले नसते, शेजार बदललेला असतो.

हे रसायन उलगडले तेही वासाच्या एका माणसाने. अरी हागेन-स्मिट हे कॅलिफोर्नियात अननसाच्या वासाची संयुगे वेगळी करत होते. 1950 च्या आसपास लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुक्याकडे ते वळले आणि वाहनांचे हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड व ऊन यांतून ओझोन बनतो हे त्यांनी दाखवून दिले. निळ्या डोंगरांचा प्रश्न विचारणारा वेंट तेव्हा त्यांच्याच संस्थेत त्यांचा सहकारी होता.

मुद्दा 5. अर्धे सत्य राजकारणात गेले की काय होते, हे अमेरिकेने पाहिले आहे.

1980 च्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचा मोठा दोष झाडाझुडपांवर टाकला. कॅलिफोर्नियात त्यांच्या सभेच्या वाटेवर विद्यार्थ्यांनी एका झाडाला पाटी अडकवली, तिचा आशय असा की मी आणखी कोणाचा जीव घेण्याआधी मला तोडा. लोक हसले आणि विषय हसण्यावारी गेला. ते बरे झाले नाही. कारण झाडांचा हिशेब न धरता तिथली शहरे फक्त हायड्रोकार्बन कमी करत राहिली आणि ओझोन काही हलेना.

1988 मध्ये विल्यम कमाइडिस व सहकाऱ्यांनी अटलांटा शहराचा हिशेब मांडला. चोहोबाजूंनी जंगल असलेले ते शहर. झाडांचे वायू धरले तर गाड्यांचे हायड्रोकार्बन कितीही कापले तरी सरपण शिल्लकच राहते, म्हणून कापायचे ते नायट्रोजनचे ऑक्साइड, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'झाडेच प्रदूषण करतात' हे वाक्य पुरते समजून घेतले की ते झाडाविरुद्ध जात नाही, धुराड्याविरुद्ध जाते. आमच्या सोसायटीतल्या गृहस्थांना हे सांगायचे राहिले.

बर्लिनचाही एक अभ्यास आहे. 2006 च्या जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत तिथल्या ओझोननिर्मितीत झाडांच्या वायूंचा वाटा काही दिवशी 60 टक्क्यांपर्यंत गेला, एरवी उन्हाळ्यात तो सरासरी 12 टक्के होता. आपल्याकडचा उन्हाळा बर्लिनच्या लाटेपेक्षा लांब आणि कडक असतो, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

मुद्दा 6. आपण धूळ मोजतो, ओझोनकडे काणाडोळा करतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. त्याच्या यादीत सर्वाधिक शहरे महाराष्ट्रातली आहेत, अभिमान वाटावा असा हा पहिला क्रमांक नव्हे. पण कार्यक्रमाचे लक्ष्य आहे हवेतल्या कणांचे. म्हणून शहरे पाण्याचे फवारे घेतात, रस्ते झाडणारी यंत्रे घेतात. फवाऱ्याने ओझोन बसत नाही.

ओझोनसाठी देशाचे मानक आहे: आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटर 100 मायक्रोग्रॅम, एका तासाला 180. ते राजपत्रात आहे, केंद्रांवर मोजलेही जाते. प्रश्न आहे तो किती नगरसेवकांना ते माहीत आहे याचा. ओझोन दम्याच्या रुग्णाला त्रास देतो हे ऐकून माहीत असते, पण तो पिकालाही खातो. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 2005 सालच्या हवेवरून, देशातल्या गव्हाचे सुमारे 35 लाख टन आणि भाताचे सुमारे 21 लाख टन नुकसान ओझोनमुळे झाल्याचा अंदाज मांडला. शहरात पेटलेली भट्टी वाऱ्याने शेतावर जाते. बांधावरच्या शेतकऱ्याला पानावरचे ठिपके दिसतात, कारण दिसत नाही.

मुद्दा 7. कोणते झाड, कुठे? हा प्रश्न आकड्यापेक्षा मोठा आहे.

महाराष्ट्राने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचा संकल्प केला. या चारही आकड्यांत जातीचे नाव नाही. आपली परंपरा तशीच आहे. एकेकाळी निलगिरी आणि सुबाभूळ आले, टेकड्यांवर ग्लिरिसिडिया आले, कोकणात उघड्या कातळावर ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. लवकर वाढते, रोप स्वस्त मिळते, एवढ्यावर निवड झाली. पक्ष्यांचे काय, पाण्याचे काय, हे प्रश्न नंतर आले. हवेचे काय, हा तर अजून यायचा आहे.

मी असे म्हणत नाही की आयसोप्रीन सोडणारे झाड लावूच नये. आमचा पिंपळच त्यातला आहे. मी म्हणतो की ट्रकांच्या रांगा जिथे तासन्‌तास धुरतात त्या बाह्यवळण मार्गाला लागून एकाच जातीची, जास्त सोडणारी हजारो झाडे ओळीने लावू नयेत. हल्ली महामार्गाकडेला बांबू लावण्याची टूम आहे. बांबू गुणी आहे. बुरुडाला विचारा, माळरानावरच्या शेतकऱ्याला विचारा. पण कुठली जात आणि कुठल्या धुराशेजारी, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. बोर्निओतल्या साबामध्ये 2009 च्या एका अभ्यासाने हेच दाखवले: जंगल काढून लावलेले तेलताड जंगलापेक्षा कितीतरी जास्त आयसोप्रीन सोडतात, आणि त्या पट्ट्यात नायट्रोजनचे ऑक्साइड शहराइतके वाढले तर ओझोन धोक्याच्या पातळीला जाईल. मोजले म्हणून निदान इशारा तरी मिळाला.

हे मोजणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सी. के. वार्ष्णेय आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांपूर्वीच भारतीय झाडांच्या फांद्या पिशवीत बांधून आयसोप्रीन मोजला होता. शिसू वरच्या क्रमांकाचा हे कळले ते त्यातूनच. मोहालीच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी शहरी लागवडीसाठी एक निर्देशांक मांडला आहे. अमेरिकी वनखात्याचे 'आय-ट्री' हे फुकट मिळणारे साधन झाडाच्या जातीवरून त्याचे वायू काढते. आपल्या कायद्याने पालिकांना दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगितले आहे. पुण्यासारख्या शहरात झाडागणिक जात, घेर आणि ठिकाण नोंदलेले आहे. त्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा आहे, एवढेच.

मुद्दा 8. पिंपळाच्या बदल्यात पन्नास रोपे, हा हिशेब हवेला कळत नाही.

1975 च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण व जतन कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक वर्षांचे झाड 'वारसा वृक्ष' ठरले आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावावीत अशी तरतूद आली. हेतू चांगला. पण सावली ही पर्णसंभाराची गोष्ट आहे, वयांच्या बेरजेची नाही. आणि इथे सावलीला रासायनिक महत्त्व आहे. रस्ता तापला की ओझोनची भट्टी जोरात चालते, उभ्या गाड्यांच्या टाक्यांतून पेट्रोलची वाफ जास्त उडते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात वाहनतळावर मोजून पाहिले गेले: झाडाखाली उभ्या गाड्यांच्या टाक्या काही अंशांनी थंड राहिल्या आणि वाफ कमी झाली. आमच्या पिंपळाखाली रोज दुपारी सहा रिक्षा उभ्या असतात. पिंपळ आयसोप्रीन सोडतो आणि सहा टाक्या थंड ठेवतो. पन्नास रोपे शहराबाहेर कुठेतरी लोखंडी जाळीत उभी राहतील आणि इथे सहा रिक्षा उन्हात तापतील.

शिवाय आता मुद्दा 3 आठवा. तापलेले पान जास्त सोडते. झाडाभोवती सिमेंट ओतून, पेव्हर बसवून, फांद्या छाटून आपण शहरातल्या झाडाला जंगलातल्यापेक्षा तापट करून ठेवतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. आपल्या प्रभागात टेप घेऊन फिरा.

मुद्दा 9. म्हणून हरकतीत काय लिहायचे.

'झाडे आपले मित्र आहेत' असे लिहू नका. अशी पत्रे फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. प्रश्न लिहा, ज्यांना उत्तर द्यावेच लागते. या रस्त्याच्या जवळच्या केंद्रावर गेल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी ओझोन किती दिवस मानकाच्या वर गेला? रुंदीकरणानंतर वाहने किती वाढतील, आणि त्यांचे नायट्रोजनचे ऑक्साइड किती? बदल्यात लावायच्या झाडांच्या जाती कोणत्या, त्या कोणी निवडल्या, आणि त्यांच्या उत्सर्जनाचा विचार झाला का? रोपे याच रस्त्यावर लागणार की दुसऱ्या तालुक्यात? झाडाच्या बुंध्याभोवतीचे काँक्रीट कोणाच्या आदेशाने घातले?

माझी हरकत अशी पाच ओळींची होती. ती आवक-जावक खिडकीवर दिली, शिक्का घेतला. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. नोटीस मी झाडावरून काढली नाही, ते माझे काम नव्हे. चार खिळे मात्र पक्कडीने उपटले आणि कागद सुतळीने बांधून ठेवला.